मरून परत जिवंत होतात का? (वाळवंटातली पॉपी आणि हमिंगबर्ड)

संगममाहुली:

नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, गेली बारा वर्षं ॲरिझोनात टूसॉनला राहते. एका वाक्यावरून लेकीचा आणि माझा चार दिवस अबोला आहे, म्हणून इथे विचारतेय.

ती अकरा वर्षांची आहे. रविवारच्या मराठी वर्गात प्रत्येक मुलाने पाच मिनिटं मराठीत बोलायचंय. विषय ज्याचा त्याने निवडायचा. अट इतकीच की दोन गोष्टींची तुलना हवी आणि दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या हव्यात. कुणी आजीचं स्वयंपाकघर आणि इथलं स्वयंपाकघर घेतलंय, कुणी क्रिकेट आणि बेसबॉल. हिने घेतलंय इथल्या वाळवंटातलं पॉपीचं फूल आणि कोस्टा रिकातला हमिंगबर्ड.

पॉपीची गोष्ट अशी. टूसॉनहून फिनिक्सकडे निघालं की तासाभराच्या आत पिकाचो पीक नावाचा सुळका लागतो. २०२१ च्या मार्चमध्ये तिला तिथे घेऊन गेलो, फोटोतला नारिंगी डोंगर दाखवायला. दगड, निवडुंग आणि धूळ. फुलं नव्हतीच. सात वर्षांचं पोर, परतताना गाडीत रडली. २०२३ ला पुन्हा गेलो तर तोच उतार फुलांनी भरलेला, आपल्या कासच्या सड्यावर सोनकी येते तसा. पण आम्ही पोचलो संध्याकाळी पाचला. ऊन कललं होतं आणि फुलं मिटायला लागली होती. पाकळ्या चारच असतात, त्या एकमेकींभोवती गुंडाळून घेतात, छत्री मिटावी तशा. कळीवर एक टोकदार टोपी असते, तान्ह्या बाळाच्या कुंचीसारखी. फुलताना पाकळ्या ती ढकलून पाडतात. मातीत पडलेली अशी एक टोपी लेकीने करंगळीच्या टोकावर घालून पाहिली आणि अंधार पडेपर्यंत उठायला तयार नव्हती.

हमिंगबर्ड पाहिला तो पुढच्या वर्षी, कोस्टा रिकातल्या माँटेव्हर्देच्या ढगांतल्या जंगलात. व्हायोलेट सेबरविंग म्हणतात त्याला. गडद जांभळा, शेपटीच्या कोपऱ्यांना पांढरा रंग, चोच किंचित खाली वाकलेली. केळीच्या झाडापाशी आला आणि केळफुलाखाली हवेत नुसता उभा राहिला. पंखांचा वारा केळफुलाच्या सालीवर बसलेल्या माशीला लागून माशी उडाली, इतक्या जवळून आम्ही तो पाहिला.

आता वादाचं कारण. जानेवारीत एका सकाळी आमच्या परसातल्या लिंबाच्या झाडावर एक हमिंगबर्ड बसला होता. हा इथला, ॲनाज हमिंगबर्ड, बारा महिने टूसॉनात दिसणारा. रात्री चांगलीच थंडी पडली होती. पिसं फुगलेली, डोळे मिटलेले, चोच सरळ आभाळाकडे. मी वीतभर अंतरावर बोट नेलं तरी हलला नाही. मी लेकीला म्हणाले, "गेलाय गं तो, हात लावू नकोस." ती तिथून हलेना. वीसेक मिनिटांनी त्याच्या अंगाला बारीक कापरं भरलं, शेपटी हलली आणि बघता बघता तो भिंतीपलीकडे गेला. शाळेची बस चुकली ते वेगळंच.

तिने भाषणात लिहिलंय: "वाळवंटातलं फूल आणि हमिंगबर्ड, दोघंही मरतात आणि परत जिवंत होतात." मी ते वाक्य खोडलं. मेलेलं काही परत येत नाही, आणि चार लोकांसमोर चुकीचं बोलू नये असं मला वाटतं. ती म्हणते, "आई, तूच म्हणालीस ना तो गेलाय?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तर जाणकारांनी सांगावं, तिच्या म्हणण्यात तथ्य किती? झाडाची आणि पक्ष्याची अशी तुलना करावी का? आणि या सगळ्याला मराठीत शब्द कोणते? इंग्रजीत फुलाच्या बीच्या नुसतं पडून राहण्याला एक शब्द आहे (dormancy) आणि पक्ष्याच्या त्या झोपेला दुसरा (torpor). मला मराठीत एकही आठवेना. भाषण पंधरा दिवसांवर आलंय.

घाटमाथा:

मुलीने पाहिलं ते अगदी बरोबर पाहिलं. वाक्य मात्र बदलावं लागेल.

तो पक्षी मेला नव्हता आणि नुसता झोपलेलाही नव्हता. हमिंगबर्ड हे फार महागडं यंत्र आहे. उडताना हृदयाचे ठोके मिनिटाला हजाराच्या वर जाऊ शकतात. दिवसभरात स्वतःच्या वजनापेक्षा जास्त मकरंद त्याला प्यावा लागतो. रात्री मकरंद मिळत नाही. अंगात साठवलेलं सगळं रात्रभर त्याच वेगाने जाळत राहिला तर थंडीच्या रात्री सकाळपर्यंत पुरणार नाही. म्हणून अनेक हमिंगबर्ड रात्री शरीराचं तापमानच खाली सोडतात. एरवी ४० अंशांच्या आसपास असलेलं अंग बाहेरच्या हवेच्या जवळ येतं, ठोके शंभराच्या खाली जातात, श्वास मधूनमधून थांबतो. त्या वेळी तो उडू शकत नाही, मांजर आली तरी पळू शकत नाही. सकाळी उठायचं तर छातीचे स्नायू थरथरवून अंग तापवावं लागतं. तुम्ही पाहिलंत ते कापरं म्हणजे हेच. पुन्हा कधी दिसला तर लांबूनच पाहा, तापायला लागणारा वेळ त्याला मिळू द्या.

नावाबद्दल एक विनंती. भाषणात "शिंजीर" म्हणू देऊ नका. आमच्या पुण्यात गॅलरीतल्या जास्वंदीवर जांभळा शिंजीर आला की लोक फोटो टाकतात, "आमच्याकडे हमिंगबर्ड आला". भारतात हमिंगबर्ड नाहीत. जगात त्यांच्या साडेतीनशेवर जाती आहेत आणि सगळ्या अमेरिका खंडांत, तिथल्या आसपासच्या बेटांवर. शिंजीर बहुतेक वेळा फांदीवर बसून मकरंद पितो, हमिंगबर्ड हवेत उभा राहून. दिसायला दोघे सारखे, पण नात्याने हमिंगबर्डला जवळचा आहे आपला पाकोळी हा पक्षी, तो जुन्या इमारतींच्या छताखाली घरटं करणारा. काहीजण गुंजनपक्षी लिहितात, कानाला छान वाटतो. पण वर्गातल्या मुलांना हमिंगबर्डच कळेल.

अडुळसा:

ताई, मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे फुलाच्या बाजूने लिहिते. एक अडचण दिसतेय. पॉपीच्या फुलात मकरंद नसतो. ती मधमाश्यांना आणि भुंगेऱ्यांना फक्त पराग देते. म्हणजे हमिंगबर्ड तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. तुलनेतल्या दोघांचा एकमेकांशी काही व्यवहारच नाही.

तुमच्याकडच्याच वाळवंटात एक झुडूप आहे, चुपारोसा. लाल, अरुंद, नळीसारखी फुलं, हमिंगबर्डच्या चोचीच्या मापाची. स्पॅनिशमध्ये या नावाचा अर्थ "गुलाब चोखणारा" आणि मेक्सिकोत हमिंगबर्डलाच चुपारोसा म्हणतात. फुलाचं आणि पक्ष्याचं नाव एकच! आणि मराठी मुलांना सांगण्यासारखी खरी गंमत पुढे आहे. चुपारोसा आणि आपला अडुळसा एकाच प्रजातीतले, दोघांचं आडनाव जस्टिशिया. खोकल्याला आजी ज्याच्या पानांचा काढा करते त्याचा चुलतभाऊ ॲरिझोनात हमिंगबर्डना जेवू घालतो. अडुळशाच्या पांढऱ्या फुलाला खाली ओठासारखी पाकळी असते, तिच्यावर मधमाशी उतरते. चुपारोसाची नळी लांब आणि लाल, कारण येणारं गिऱ्हाईक बसत नाही, हवेतच उभं राहतं. अबोली, कोरांटी, सह्याद्रीतली सात वर्षांनी फुलणारी कारवी, सगळं हेच कूळ. माझं मत, पॉपी सोडा आणि चुपारोसा घ्या.

संगममाहुली:

दोघांचेही मनापासून आभार. अडुळशाचं वाचून मी खुर्चीतून उठलेच. आमच्या शेजाऱ्यांच्या फाटकाजवळ चुपारोसा आहे, रोज येता-जाता पाहते, आणि तो अडुळशाचा भाऊ हे आज कळलं. आमच्या माहुलीच्या घरामागे अडुळशाचं कुंपण होतं. लहानपणी आम्ही त्याची फुलं तोडून देठाकडून मध चोखायचो.

लेकीला वाचून दाखवलं. तिने ऐकलं आणि "नाही" म्हणाली. चुपारोसा दर वर्षी तिथेच असतो, तो कुठे जात नाही, असं तिचं म्हणणं. तिला २०२१ ला नसलेलं आणि २०२३ ला असलेलं फूलच हवंय. या हिवाळ्यातही इथे पाऊस जवळजवळ झालेला नाही, म्हणजे यंदाही डोंगर कोराच राहणार. "ती फुलं आत्ता कुठे आहेत ते मला सांगायचंय," म्हणाली.

हे कुणी नीट सांगू शकेल का?

पेरते_व्हा:

ताई, मी खटाव तालुक्यातला. कृषी सहायक म्हणून तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. परदेशातलं वाळवंट पाहिलेलं नाही, पण पाऊस न येणं काय असतं ते जन्मापासून पाहतोय. बियाण्याच्या कामात आयुष्य गेलं, आणि नातीच्या वयाच्या मुलीने विचारलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी शब्द. तुम्हाला दोन शब्द हवे होते, मराठीत एकानेच भागतं. सुप्तावस्था. आमच्या खात्याच्या प्रत्येक पुस्तिकेत हा शब्द असायचा. बटाट्याची सुप्तावस्था संपल्याशिवाय तो बेण्याला लावायचा नाही, लावला तर डोळे फुटत नाहीत. भुईमुगाचं त्याहून चांगलं उदाहरण आहे. पसऱ्या भुईमुगाच्या दाण्याला सुप्तावस्था असते, काढणीनंतर काही आठवडे तो पाणी मिळालं तरी उगवत नाही. उपट्या भुईमुगाच्या बऱ्याच जातींत ती नसते. एका वर्षी आमच्या भागात ऐन काढणीला पाच दिवस पाऊस लागला. एका शेतकऱ्याने वेल उपटून माझ्या हातात दिला. शेंग फोडली तर आतल्या दाण्याला पांढरा मोड, बोटाच्या पेराएवढा. जमिनीतच उगवायला लागला होता. सगळं रान तसं. तो माणूस काही बोलला नाही, वेल परत सरीत ठेवून बांधावर जाऊन बसला. पाणी दिसलं की उगवायचं, एवढंच ज्या बियाला कळतं त्याचं काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

वाळवंटातलं बी असं करत नाही. पाऊस म्हणजे काय हे ते पारखतं. फ्रिट्स वेंट नावाचे शास्त्रज्ञ मूळचे हॉलंडचे, कॅलिफोर्नियात काम करायचे. १९४० च्या दशकात त्यांनी वाळवंटातली बीसकट माती आणून प्रयोग केले. हलक्या शिडकाव्याने बी उगवलं नाही. साधारण २५ मिलिमीटर पाऊस वरून पाडला तेव्हा उगवलं. माती खालून ओली केली, वरच्या थरापर्यंत ओल चढली, तरी उगवलं नाही. ओल तीच, मग फरक कशाचा? अनेक बियांच्या सालीत उगवण रोखणारी द्रव्यं असतात. वरून पुरेसं पाणी वाहिलं तरच ती धुऊन जातात. म्हणजे जमीन खोलवर भिजेल, झाड फुलाफळाला येईपर्यंत ओल टिकेल, इतका पाऊस झाल्याची खूण पटल्याशिवाय बी दार उघडत नाही.

दुसरी पारख उष्णतेची. तुमच्या टूसॉनला वर्षाचा जवळपास निम्मा पाऊस उन्हाळ्यात, जुलै ते सप्टेंबरात पडतो, त्याला तिकडेही मान्सूनच म्हणतात. तरी पॉपी त्यावर उगवत नाही. तिला थंडीच्या तोंडचा पाऊस लागतो. उन्हाळी पावसावर उगवणाऱ्या जाती वेगळ्या. आपल्याकडे खरिपाचं आणि रब्बीचं बियाणं आपण वेगळं काढून ठेवतो, तिथे ते मातीतच वेगळं राहतं.

आता मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट. चांगला पाऊस झाला तरी सगळं बी उगवत नाही. काही उगवतं, उरलेलं तसंच पडून राहतं. वाचताना मला आमचे वडीलच आठवले. मृग लागला की पेरायचे, पण कणगीतलं सगळं बियाणं कधी बाहेर काढायचे नाहीत. पंधरा दिवस पावसाने ओढ दिली, कोंब करपले, तर दुबार पेरणीला घरात बी पाहिजे. ज्याने सगळं एकदम मातीत घातलं तो दुसऱ्याच्या दारात जायचा. वाळवंटातल्या फुलाने दुबार पेरणीचं बी मातीतच राखून ठेवलेलं असतं, आणि दुबारच काय, तिबार, चौथ्यांदाही. याचा अभ्यास तुमच्या गावातच झालाय. टूसॉनला ट्युमामॉक टेकडीवर १९०३ सालापासून वाळवंटाची प्रयोगशाळा आहे. तिथे लॅरी व्हेनेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं रोपं मोजली. कोणत्या जातीचं किती बी उगवलं, किती रोपं जगली, किती बी धरलं. त्यातून दिसलं की ज्या जातींचं नशीब वर्षागणिक जास्त हेलकावे खातं, त्या जाती एका वर्षात कमी बी उगवू देतात. भरवसा कमी, तेवढी राखण जास्त. खटावच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कासला असं करायची एवढी गरज पडत नसावी, तिथे पावसाळा दर साली ठरल्यासारखा येतो.

तर नातीला सांगा, २०२१ ला ती रडत होती तेव्हा फुलं तिच्या पायाखालीच होती. दोन वर्षांनी तिने पाहिलेल्या फुलांतली काही त्या दिवशी तिच्या बुटांखालच्या मातीत बी होऊन पडलेली असणार. यंदाही तिथेच आहेत.

"मरून जिवंत" याबद्दल. बी मेलेलं नसतं. त्यात जीव असतो, अगदी मंद जळणारा. वात बारीक केलेल्या कंदिलासारखा. पण झाड मात्र खरंच मरतं, हे तिला लपवू नका. पॉपीच्या लांबट शेंगा वाळल्या की तडकतात, बी दूर उडतं, आणि कडक उन्हाळा लागेपर्यंत झाड वाळून जातं. ते परत येत नाही. येतात ती त्याची लेकरं. पक्षी मात्र सकाळी तोच उठतो, कालचाच. तुलना इथे करावी. दोघांनी वात बारीक केली, पण एकाने स्वतःसाठी, दुसऱ्याने पुढच्यांसाठी.

घाटमाथा:

पेरते_व्हा काका, नमस्कार घ्या. पक्ष्यांच्या बाबतीत मी "सुप्तावस्था" शब्द वापरायला कचरत होतो, आता वापरीन.

लेकीसाठी आणखी एक. उष्ण कटिबंध म्हटलं की मुलं दमट, गरम जंगल डोळ्यांसमोर आणतात. पण पेरूमधल्या अँडीज पर्वतात, ३,८०० मीटरच्या आसपास, उष्ण कटिबंधातच रात्री पाणी गोठतं. तिथल्या हमिंगबर्डांची रात्रीची तापमानं मोजली आणि २०२० साली निष्कर्ष छापून आले. ब्लॅक मेटलटेल नावाच्या पक्ष्याचं अंग ३.२६ अंश सेल्सिअसपर्यंत खाली आलं होतं. आपल्या फ्रिजमधल्या दुधाइतकं गार. सकाळी तो तापला आणि फुलांकडे गेला. दर रात्री तिथे हेच चालतं. पॉपीचं बी कित्येक वर्षं थांबू शकतं. या पक्ष्याची शिल्लक मात्र एका रात्रीपुरती, ती रोज नव्याने कमवावी लागते. मी तर म्हणेन, तिने सेबरविंगऐवजी हाच पक्षी घ्यावा.

अडुळसा:

काकांचं वाचून माझं मत बदललं. पॉपीच राहू दे. एकमेकांशी व्यवहार नसलेल्या दोन जिवांनी एकाच अडचणीवर काढलेला मार्ग, ही तुलना माझ्या सुचवणीपेक्षा मोठी आहे. चुपारोसा पुढच्या वर्षीच्या भाषणाला ठेवा.

संगममाहुली:

धागा नऊ महिन्यांनी वर काढतेय, त्याबद्दल माफी. सांगायचं राहून गेलं होतं.

भाषण झालं. पेरूचा पक्षी तिने घेतला नाही. "मी तो पाहिला नाही, अट मोडेल," म्हणाली. सेबरविंगच घेतला आणि लिंबाच्या झाडावरचा ॲनाज त्याचा भाऊबंद म्हणून सांगितला. पेरूची गोष्ट "हे मी पाहिलं नाही, वाचलं आहे" असं म्हणून एका वाक्यात सांगितली. ३.२६ अंश हे तिने आधी घरी फ्रिजमध्ये तापमापक ठेवून पाहिलं होतं. पातेल्यातल्या दुधात बोट बुडवून किती वेळ ठेवता येतं तेही पाहिलं. दूध मला फेकावं लागलं, पण वर्गात ते सांगताना तिचा हात आपोआप मागे गेला आणि पुढच्या रांगेतल्या दोन मुलांनीही आपले हात मागे घेतले.

सुप्तावस्था या शब्दावर ती अडखळत होती. सुप्त-अवस्था असं तोडून तीन दिवस घोकला. काकांचं दुबार पेरणीचं मात्र तिने स्वतःच्या शब्दांत मांडलं. "माझे पणजोबा सगळं बी पेरत नव्हते, थोडं ठेवत होते. फुलपण ठेवतं." माझे आजोबा शेतकरी होते हे तिला माहीत होतं, पण ते दुबार पेरणीला बी राखायचे हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मला तरी कुठे आठवत होतं? काकांचं वाचल्यावर मी साताऱ्याला आईला फोन केला. आई म्हणाली, आमच्याकडे कणगी नव्हती, माळ्यावर मडकी होती. तोंडाला शेण-मातीने लिंपलेली, आणि बियात कडुलिंबाचा पाला. एका मडक्याला ते हातच लावू द्यायचे नाहीत. घरात खायला कमी असायचं तेव्हासुद्धा नाही. हे आई फोनवर बोलत होती आणि लेक माझ्या शेजारी बसून ऐकत होती.

खोडलेलं वाक्य मी परत दिलं होतं, ठेवायचं तर ठेव म्हणून. तिनेच बदललं. "मला वाटलं दोघं मरून परत येतात. पक्षी तोच येतो. फूल तेच येत नाही, त्याची मुलं येतात." ते बोलून ती थांबली, टाळ्यांची वाट न बघता जागेवर जाऊन बसली. घरी येताना गाडीत मला विचारलं, "मग २०२३ ला मी जिची टोपी घातली होती ती पॉपी आता नाही ना?" नाही, म्हटलं. मग पिकाचो पीक मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. (वर्ग त्या वाटेवरच्या गावात भरतो.)

ऑक्टोबरात नर्सरीतून पॉपीच्या बियांची पुडी आणली. बी मोहरीपेक्षा बारीक, काळपट. परसातल्या भिंतीकडच्या कोपऱ्यात तिने दोनशे मोजून टाकल्या. तिथे ठिबकची नळी आहे, मी ती चालू करायला गेले तर म्हणाली, "आई, खालून नको. वरून पडलं पाहिजे." मग झारी घेऊन तिने स्वतः पाणी घातलं, काकांचे २५ मिलिमीटर मोजायला कडेला पट्टी लावलेली बाटली ठेवून. आज सकाळी मोजली, एकतीस रोपं आलीयेत, शेपूच्या पानांसारखी बारीक कातरलेली.

उरलेल्या एकशे एकोणसत्तरांचं काय, असं मी विचारलं तर "त्या ठेवलेल्या आहेत" म्हणाली. त्या कोपऱ्यात खुरपं घालायचं नाही अशी मला ताकीद आहे.